खंडेनवमीचं बेअरिंग

वैशाली गांगुर्डे आमच्या इमारतीत राहायला आली तेव्हा सामानाच्या टेम्पोतून फ्रिजच्या आधी एक लोखंडी पेटी उतरली. दोन हमालांनी ती लिफ्टपर्यंत नेली आणि त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, यात काय, सोनं आहे का?" वैशाली म्हणाली, "पाने आहेत." हमालाला वाटलं विड्याची. तो बराच वेळ पेटीकडे बघत राहिला.

ती कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. आई मंजुळाबाई आणि ती, दोघीच घरात. वडील रामा गांगुर्डे उल्हासनगरच्या एका कारखान्यात फिटर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. पेटी त्यांची. इतर मुली वडिलांच्या खांद्यावर बसून जत्रेला जातात, ही रविवारी त्यांच्याबरोबर शेजाऱ्यांच्या सायकली उघडत बसायची. पुढे शिक्षिका झाली, पण हाताची खाज गेली नाही. आमच्या इमारतीतला पाण्याचा पंप तिने दोनदा चालू करून दिला आहे. मिक्सर, पंखे, कुणाच्या नातवाची तीनचाकी, काहीही नादुरुस्त असलं की लोक चौथ्या मजल्यावर जातात. मी स्वतः हिशेबाचा माणूस. एका औषध कंपनीच्या ठाण्याच्या कचेरीत लेखा विभागात आयुष्य गेलं. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, हे मला अजूनही विचार करून सांगावं लागतं. म्हणूनच असेल, वैशाली काम करताना दिसली की मी तिथे उभा राहतो.

या वर्षी भाद्रपदात तिच्या गाडीने गुणगुणायला सुरुवात केली. गाडी जुनीच घेतलेली, लहानशी. सावकाश जाताना काही नाही, पण वेग धरला की पुढच्या डाव्या बाजूने घुंऽऽ असा आवाज. उजवीकडे वळलं की वाढायचा, डावीकडे वळलं की कमी व्हायचा. ती मला गाडीत बसवून दुर्गाडीच्या पुलावर घेऊन गेली आणि म्हणाली, "आनंददादा, ऐका. हे पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. गेलेलं आहे."

"मग गॅरेजला दे."

"का? मी करणार." तिचे डोळे असे चमकत होते, जणू कुणी बक्षीस दिलं होतं.

घाईचं कारण मंजुळाबाई. त्यांचं माहेर भुसावळकडचं. छप्पन साली त्यांचे वडील गावातल्या लोकांबरोबर नागपूरला दीक्षेला गेले. मंजुळाबाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या. त्यांनाही न्यायचं ठरलं होतं, नवा झगा शिवला होता आणि आदल्या दिवशी अंगावर गोवर उठला. वडील त्यांना आजीजवळ ठेवून गेले. त्यानंतर मंजुळाबाईंचं नागपूर दर वर्षी पुढे गेलं. लग्न झालं, कल्याणला आल्या, पालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून लागल्या. सणावाराला ड्युटी बदलून मिळायची नाही. कधी बाळंतपण, कधी नवऱ्याचं आजारपण, मग गुडघे. विजयादशमीला दीक्षाभूमीवर उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी मागितलेली मी ऐकली आहे. दर वर्षी शेवटी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी."

आता समृद्धी महामार्ग आमच्यापासून जवळ, आमण्यापर्यंत आला आहे. वैशालीने ठरवलं, या दसऱ्याला आईला मागच्या सीटवर पाय पसरून बसवायचं आणि थेट नागपूर. भाड्याच्या गाडीचंही तिने बघितलं होतं. पण दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्यामुळे सगळ्या गाड्या आधीच ठरलेल्या. आणि मंजुळाबाई म्हणाल्या, "परक्या डायव्हरला दर तासाला थांबव म्हणून सांगायला मला लाज वाटते." राहिली ती गुणगुणणारी गाडी. तशा चाकावर सातशे किलोमीटर जाणं म्हणजे वेडेपणा.

वैशालीने नवं बेअरिंग मागवलं आणि हत्यारं जमवायला लागली. ते दिवस मला आठवले की अजून गंमत वाटते. रोज संध्याकाळी जिन्यात भेटायची आणि काल काय मिळालं ते सांगायची. पाने आणि हातोडे वडिलांच्या पेटीत होतेच. पण चाकाच्या मधोमध ॲक्सलचा जो मोठा नट असतो, त्याला लागतो बत्तीसचा सॉकेट. तो पेटीत नव्हता. तो कोपरीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. नट सोडवायला हातभर लांब दांडा, आणि त्या दांड्याला अजून लांब करायला एक पाइप. गाडी वर धरायला लोखंडी स्टँड टिटवाळ्याच्या मामेभावाने दिले. "जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही," ती मला शाळेतल्या आवाजात म्हणाली. "जॅक उचलायला, स्टँड पेलायला." मी मान हलवली, जसा काही मी उद्याच खाली हात घालणार होतो. बेअरिंग आत अडवून धरणारी स्प्रिंगची कडी असते, तिला चिमटीत धरून काढायला वेगळी लांब चोचीची पकड. आणि नट नेमक्या जोराने आवळून 'टक्' असा इशारा देणारा टॉर्क पाना, तो तिने नवा घेतला आणि दोन दिवस उशाशी ठेवला, असं मंजुळाबाईंचं म्हणणं.

एक वस्तू मात्र कुठे मिळेना. बेअरिंग घट्ट बसलेलं असतं. ठोकून निघत नाही आणि ठोकून बसवलं तर बिघडतं. ते हळूहळू ओढून काढायला आणि दाबून बसवायला पुलर लागतो. जाड आटे पाडलेला लांब बोल्ट, त्याला नट आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मापाच्या लोखंडी वाट्या.

तो निघाला दुसऱ्या मजल्यावर. सहदेव घाडी वागळे इस्टेटमध्ये लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते, निवृत्त होऊन बारा-चौदा वर्षं झाली. वैशालीने पुलरचं चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे? हे तर मी स्वतःच्या हाताने फिरवलेलं हाय." पलंगाखालून एक गोणपाट ओढलं. आत तेल लावून ठेवलेला बोल्ट आणि वाट्या. त्यांची बायको गोदूबाई म्हणाल्या, "बघ गो, माझी भांडी ठेवायला जागा नाही आणि ह्यांच्या वाट्या पलंगाखाली!"

ठरलं असं, की खंडेनवमीला वैशाली रजा घेणार, दिवसभरात काम उरकणार आणि दसऱ्याला पहाटे निघणार.

त्या सकाळी ती लवकर खाली आली. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीशेजारी जुनी पांढरी चादर अंथरली आणि सगळी हत्यारं कामाच्या क्रमाने मांडली. आधी सॉकेट आणि दांडा, मग पाने, मग पकड, मग पुलर वाट्यांसकट, शेवटी टॉर्क पाना. नवं बेअरिंग खोक्यातून काढून मधोमध ठेवलं. कुठलंही प्रदर्शन इतकं देखणं नसेल. मग ती आईला चहा द्यायला वर गेली.

आता आमच्या इमारतीची एक पद्धत सांगितली पाहिजे. दर खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं पार्किंगमध्ये एकत्र मांडून पूजा होते. सचिव प्रशांत आदल्या दिवशी सगळ्यांना मेसेज पाठवतो. कुणी सुतारकीची पेटी आणतं, कुणी शिलाईमशीन, कुणी फक्त विळी. प्रशांत आणि गोदूबाई तबक घेऊन खाली आले आणि त्यांना ती चादर दिसली.

"अरे वा! या वर्षी वैशालीनेही मांडलं!" प्रशांत हरखूनच गेला. वैशाली बौद्ध, ती या पूजेत नसते, प्रसादाला मात्र असते, हे सगळ्यांना माहीत. या वर्षी तिने आपणहून एवढी सुंदर मांडणी केली म्हटल्यावर सगळ्यांनी आपापली हत्यारंही तिथेच आणून ठेवली. लांब दांड्याला झेंडूचा हार पडला. सॉकेटला हळदकुंकू लागलं. पुलरच्या वाट्यांमध्ये फुलं आणि अक्षता. बेअरिंगवर कुंकवाची पाच बोटं. आरती झाली. मी आरतीला उभा होतो आणि मलाही वाटलं, चांगलं झालं, सगळे एकत्र आले.

वैशाली लिफ्टमधून बाहेर आली ती तशीच उभी राहिली.

"हे काय?"

"तुमचीच मांडणी, मॅडम! एक नंबर!" प्रशांत म्हणाला.

तिने एकदा चादरीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे आणि खो खो हसायला लागली. "अरे, मी कामाला मांडलेलं रे! बरं, मान दिलात, छान केलंत. आता उचलते." ती वाकली.

"उचलू नको." सहदेवकाकांचा आवाज.

"का, काका?"

"पूजा झाली ना? आज हत्यार हलवायचं नाय. वर्षभर राबतं, आज त्याची सुट्टी. उद्या सकाळी उत्तरपूजा, मग उचल."

"उद्या पहाटे मी निघणार आहे, काका."

"मग आता मी काय करू? एकदा पूजलेल्या मशीनला पाना लावला नि एकाचं बोट गेलेलं, माझ्या डोळ्यांदेखत."

"पूजा झाली म्हणून गेलं की गार्ड लावलं नव्हतं म्हणून?"

काकांनी कान खाजवला. "गार्ड पण नव्हतं. पण पूजा झालेली."

प्रशांतचा चेहरा पडला होता. "मॅडम, मी गॅरेजला फोन करून बघू?" त्याने दोन फोन केले. दोन्हीकडे पूजा झालेली, शटर खाली, परवा या. तिसरा फोन त्याने केलाच नाही. वैशाली चादरीच्या कडेला उकिडवी बसली. बत्तीसचा सॉकेट तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि ती त्याला शिवली नाही. काका तिला पोटच्या पोरीसारखं बघतात, त्यांना दुखवून उचलणं तिला जमणारं नव्हतं.

तेवढ्यात मंजुळाबाई वॉकर टेकत लिफ्टमधून आल्या. खुर्ची दिली, बसल्या. प्रशांतने अपराधी आवाजात सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "राहू दे वैशे. त्यांचा सण आहे, त्यांची रीत आहे. हत्यारं काय पळून जात नाहीत. मी पुढच्या वर्षी जाईन."

मी मंजुळाबाईंच्या पायांकडे बघितलं. सुजलेले होते.

गोदूबाईंनी हातातलं तबक मीटरच्या पेटीवर ठेवलं. "कुठलं पुढचं वर्ष गो? मी तुला ह्या बिल्डिंगीत आल्यापासून ओळखते, तुझं पुढचं वर्ष काय येत नाय." मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आपल्या घरचा गणपती किती दिवस?"

"दीड."

"शेजारच्या सावंतांचा?"

"अकरा."

"मग त्यांनी कधी म्हटलं, तुमचा देव लवकर उठतो म्हणून? सोय बघूनच आपल्या आज्यापणज्यांनी दीड दिवस केला ना? देव दीड दिवसात उठतो नि तुमचा पाना नाय उठत?"

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" काका म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"आपल्या घरच्या. द्या अक्षता."

काकांनी मंजुळाबाईंकडे बघितलं, मग हाराखालच्या स्वतःच्या पुलरकडे. "उठवायची तर रीतीने उठवा," ते पुटपुटले. "नि काम झालं की पुसून, तेल लावून परत मांडायची. उद्या दसऱ्याला मला इथे सगळी हजर पाहिजेत."

"शब्द!" वैशाली उभीच राहिली.

गोदूबाईंनी हत्यारांवर अक्षता टाकल्या, काकांनी पुन्हा येण्याचं निमंत्रण देणारे शब्द म्हटले आणि प्रत्येक हत्यार रीतीप्रमाणे जरासं उत्तरेकडे सरकवलं. उत्तर नेमकी कुठे, यावर प्रशांत आणि काकांचा थोडा वाद झाला. तो भूगोलाच्या बाईंनी मिटवला.

आणि मग काय विचारता! सण होताच, त्यात हा खेळ. कुणी वर जायला तयार नाही.

ॲक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, म्हणजे ब्रेक दाबून धरायला कुणीतरी हवं. गोदूबाई नऊवारी सावरत ड्रायव्हरच्या जागी बसल्या. जन्मात पहिल्यांदा.

"दाबलंय गो! सोडू?"

"नका सोडू, काकू!"

"नाय सोडत! तू बोल कधी ते!"

वैशालीने सॉकेट बसवला, दांडा लावला, दांड्यावर पाइप. आधी ती एकटी, मग प्रशांत, मग मीही. नट हलेना. झेंडूच्या पाकळ्या अजून दांड्याला चिकटलेल्या. "सगळे एकदम, खाली!" वैशाली ओरडली आणि कडाक्! मला वाटलं काहीतरी तुटलं. नट सुटला होता. पार्किंगभर टाळ्या. गोदूबाई आतून विचारत होत्या, "आता सोडू?"

चाकांना लाकडी ओंडके लावले, गाडी स्टँडवर चढली. चाक निघालं. ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, सोडून तिने तारेने वर टांगला, नळीवर वजन येऊ नये म्हणून. कुठला बोल्ट नेमका कसा बसला होता हे कळावं म्हणून सोडण्याआधी त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. मग तो जड लोखंडी तुकडा, ज्यात बेअरिंग बसलेलं असतं, बाहेर आला आणि चादरीवर विराजमान झाला. सर्वांनी तो वाकून बघितला. जुनं बेअरिंग बोटाने फिरवलं की वाळू दळल्यासारखं वाजत होतं.

आता सहदेवकाका पुढे झाले. चाक ज्यावर बसतं तो हब आधी ओढून काढला, मग चिमटीच्या पकडीने स्प्रिंगची कडी काढली, मग पुलर लावला. ते नट फिरवत, वैशाली दुसरी बाजू धरून. कर्रर्र, थांबा, पुन्हा कर्रर्र, आणि जुनं बेअरिंग वाटीत येऊन पडलं. "बघितलंस?" काका बायकोला म्हणाले. "ह्या वाट्या."

नवं बसवताना मात्र अडलं. त्यांच्या वाट्यांतली एक मोठी होती, एक लहान, आणि लागणारं माप मधलं. काकांनी लहान वाटी लावली. "बसेल. दाबू?"

"थांबा काका." वैशालीने त्यांचा हात धरला. "ही बेअरिंगच्या आतल्या कड्यावर टेकतेय. दाब गोळ्यांवर जाईल. बाहेरच्या कड्यावरच दाबायला पाहिजे."

काकांनी वाकून बघितलं. "बरोबर. च्यायला, घाईत काय करत होतो मी. मग मधली वाटी आणायची कुठून? आज लेथ कोण देईल?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि एकदमच दोघांच्या नजरा जुन्या बेअरिंगकडे गेल्या.

"बाहेरचं कडं!" वैशाली.

"तेच माप!" काका. "पण तेही आत अडकेल."

"फट पाडली तर? आवळून लहान होईल, मग निघेल."

पूजेत कुणीतरी मांडलेला ग्राइंडर निघाला. काकांनी चष्मा लावला, आम्हाला लांब उभं केलं आणि ठिणग्यांचा असा फवारा उडाला, की दिवाळी वीस दिवस आधीच आली. जुन्या कड्याला फट पडली. ते नव्या बेअरिंगवर ठेवून पुलर आवळला. यावेळी आवाज नाही. लोण्यात चमचा जावा तसं बेअरिंग सरकत गेलं आणि एका जागी घट्ट थांबलं. जुनं कडं आवळून काढलं, स्प्रिंगची कडी आपल्या खाचेत गेली, टप्प. वैशालीने ती दोनदा ओढून बघितली. मग आतल्या कड्याला टेका देऊन हब बसवला. तिने हाताने फिरवला. फिरला, फिरतच राहिला, आणि कसलाही आवाज नाही. ती एकदम उडी मारून प्रशांतला टाळी द्यायला गेली. दोघांचेही हात ग्रीसने काळे.

जोडणी झाली, रेघांवर रेघा जुळल्या. गाडी खाली आल्यावर नवा नट आवळायचा होता. काका म्हणाले, "माझा हात सांगतो किती जोर द्यायचा." वैशाली म्हणाली, "पाना सांगू दे, तुमचा हात साक्षीदार." टॉर्क पाना टक् म्हणाला त्याच क्षणी काकांनी मान डोलावली, आणि दोघांनाही आपणच जिंकल्यासारखं वाटलं.

दुर्गाडीच्या पुलावर चाचणीला मंजुळाबाई पुढे बसल्या, मी आणि काका मागे. वेग वाढला. जिथे घुंऽऽ सुरू व्हायचं तो वेग आला, मागे पडला. काही नाही. फक्त रस्ता. स्टिअरिंगवर वैशालीची बोटं ठेका धरायला लागली होती. मंजुळाबाईंनी विचारलं, "काय झालं? सगळे गप्प का?"

"आवाज गेला, मंजुळाबाई!" मी ओरडलोच.

"मग घरी चला," त्या म्हणाल्या. "माझी पांढरी साडी इस्त्रीला द्यायची राहिलीय."

संध्याकाळी परतल्यावर वैशालीने सगळी हत्यारं पुसली, तेल लावलं आणि चादरीवर परत मांडली. काकांनी मोजून घेतली. पहाटे गाडी निघाली तेव्हा ते बनियनवर खाली आले होते. आधी चाक फिरताना बघितलं, मग हात हलवला.

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही खाली सोनं वाटत होतो. प्रशांतच्या फोनवर वैशालीचा व्हिडिओ कॉल आला. मागे माणसंच माणसं, निळे झेंडे, लाउडस्पीकरवरचं काही कळेना. आम्ही सगळे फोनवर वाकलो.

"पोचलो!" ती ओरडत होती. "समृद्धीवर तर गाडी अशी पळाली ना!"

सहदेवकाकांनी फोन हिसकावला. "चाकाला हात लावून बघितलास? गरम लागतंय?"

"प्रत्येक थांब्याला, काका! कोमट. उजव्याइतकंच."

"आई कुठे?" गोदूबाई मागून.

वैशालीने फोन फिरवला. पांढऱ्या साडीतल्या मंजुळाबाई वॉकर बाजूला ठेवून उभ्या होत्या, लेकीचा खांदा धरून. पाठमोऱ्या. समोर स्तूप.

"आई, बघ गं, सगळे आहेत. गोदूकाकू आहेत."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या. "बंद कर ते."